हिना, हिंग आणि सातवं कलम

१९ जुलै २०२०, रविवार

शहर आज उघडलं. आमची गल्ली सोडून.

कारण, गल्ली अरुंद आहे. वॉर्डाच्या साहेबांनी परवा टेप लावून मोजली, मान हलवली आणि म्हणाले, "दोन माणसं समोरासमोर आली की अंतर राहत नाही." ज्यानं कुणी निजामाच्या काळात ही गल्ली आखली, त्यानं दोन माणसं समोरासमोर यावीत म्हणूनच आखली होती. पण साहेबांना इतिहास सांगायची ही वेळ नव्हती. बाहेर औरंगपुऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर एकेका स्कूटरवर तिघं तिघं चाललेत. वाळूजच्या कंपन्यांच्या बसगाड्या माणसं भरून निघाल्यात. विषाणू रुंद रस्त्यावर सज्जन असतो, गल्लीत शिरला की बिघडतो, असं एकूण शास्त्र दिसतंय.

माझं दुकान तेवढं दुपारपर्यंत उघडं. हिंग-मसाले किराण्यात मोडतात. म्हणजे सरकारच्या लेखी हिंग जीवनावश्यक आहे आणि अत्तर नाही. मी तीस वर्षं जब्बारभाईला हेच सांगत होतो, पण शासनाकडून दुजोरा मिळेल असं वाटलं नव्हतं.

जब्बारभाईचं अत्तराचं दुकान माझ्या बरोबर समोर, वर त्याचं घर. रमजान ईद कुलपात गेली. आता एक तारखेला बकरी ईद. एक मोबाईलची कव्हरं विकणारा दोनदा येऊन त्याचं दुकान बघून गेलाय. वरच्या सज्जातून जब्बारभाई मला म्हणाला, "ये ईद भी गई ना बद्री, तो चाबी उसकू दे देताऊँ." हे तो दाढी कुरवाळत म्हणाला, म्हणजे खरं म्हणाला. थट्टेत असला की तो टोपी सरकवतो.

मी व्यापारी समितीचा सचिव. ईदेच्या आत गल्ली उघडली नाही तर नाव बद्रीनाथ लावणार नाही, असं मी त्याला सांगितलं. आता अर्ज लिहिणं आलं.

जाता जाता: मागच्या आठवड्यात सगळ्या दुकानदारांच्या नाकात काडी घालून तपासणी झाली, तिचा माझा दाखला आज लॅमिनेट करून आणला. निगेटिव्ह. दुकानात लक्ष्मी आणि गुमास्ता परवाना यांच्या मध्ये टांगला. आशाबाई म्हणाल्या, "अहो, तो त्या दिवसापुरता असतो." आमच्या बायकोला सरकारी कागदाची किंमत कधी कळली नाही.

२० जुलै

आजचा फाया: मोतिया. पहिल्या फटक्यात ओळखला.

हा आमचा रोजचा खेळ आहे. दुकान उघडलं की जब्बारभाई कापसाच्या बोळ्याला अत्तर लावून द्यायचा, मी नाव सांगायचं. चुकलो तर चहा माझा, ओळखलं तर त्याचा. तीस वर्षं बहुतेक त्याचाच चहा प्यायलोय. हिंगाच्या धंद्यात नाक हेच भांडवल. खडा फोडायच्या आधीच मला कळतं, त्यात पीठ किती आणि लबाडी किती. हल्ली तो खाली उतरत नाही, वय झालंय, त्याच्या बेगम सगीराभाभी उतरू देत नाहीत. म्हणून फाया काचेच्या छोट्या बाटलीत घालून दोरीच्या टोपलीतून खाली सोडतो. मी बाटली घेतो, मास्क खाली करून वास घेतो आणि वर बघून ओरडतो. गल्ली बंद असताना तेवढाच काय तो व्यवहार.

"मोतिया!"

"सही. पर चाय नै मिलती. हॉटेल बंद है."

"उधार धरतो."

"धर. कयामत के दिन ले."

अर्ज झकास जमलाय. गल्ली एकेरी करायची. पिंपळाकडून आत, नालीच्या टोकाकडून बाहेर. दुकानापुढं चुन्याचे गोल. आतमध्ये एका वेळी एक गिऱ्हाईक. अशी सहा कलमं. सातवं मी माझ्या बुद्धीनं घातलं: "ज्या दुकानदारास लक्षणे दिसतील तो स्वतःहून दुकान बंद करून कळवील, आणि तो बरा होईपर्यंत त्याचे गिऱ्हाईक समोरचा दुकानदार सांभाळील."

अध्यक्ष नानासाहेबांना वाचून दाखवलं. नानासाहेब कापडवाले. वय अठ्ठ्याहत्तर, त्यात साखर, रक्तदाब आणि तोंड, तिन्ही वाढलेली. म्हणाले, "सातवं कशाला? असं कोण कळवतंय? आपली माणसं ताप आला तर उन्हावर ढकलतात आणि ऊन नसलं तर बायकोवर."

मी म्हटलं, "नानासाहेब, अहो पाळायला नाही ते. साहेबांना वाचायला बरं वाटतं."

"मग राहू दे," म्हणाले.

२२ जुलै

काल-आज चुन्याचे गोल मारले. समितीतले सगळे पुढारी वरून सूचना देत होते. वाकायला मी आणि बांगड्यांच्या दुकानाचा रामकिसन, दोघंच. रामकिसनच्या दुकानात राख्यांचे खोके मार्चपासून येऊन पडलेत. राखी तीन तारखेला. तो म्हणाला, "शेठ, एवढं उघडू द्या, पुढचं वर्षभर तुमच्या तोंडाकडं बघून गोल मारीन." त्याला दम लागला की तंबाखू लागते. मळून त्यानं तळहात पुढं केला, मी चिमूट उचलली. नंतर मी मळली, त्यानं उचलली. मास्क होतेच. हनुवटीवर होते, पण होते.

संध्याकाळी नानासाहेबांकडं. साहेब शनिवारी अकराला येणार, गल्ली बघणार, मग नानासाहेबांच्या माडीवर सगळ्या दुकानदारांची बैठक. तिथंच निर्णय. अर्ज मी वाचणार. वाचायला आवाज लागतो आणि तो घसा धरल्यामुळं जरा बसलाय. सॅनिटायझरची वाफ घशाला लागते, हे कुणी छापत नाही.

अंग ठणकतंय. पन्नाशीनंतर माणसानं रस्त्यावर वर्तुळं काढू नयेत.

२३ जुलै

आज दिवसच नासका.

सकाळी भागूबाई आली. ही पाचोडची, पापड-मसाल्याचा उद्योग करते, दर महिन्याला हिंग माझ्याकडूनच. पाचोडचा बाजार बंद, एसटी बंद, तरी ही भाजीच्या टेम्पोत बसून हजर. नवा डबा उघडला आणि मी थक्क झालो. वासच नाही! नुसता डिंक. तसाच दुसरा डबा. हाथरसच्या व्यापाऱ्याला तिथल्या तिथं फोन लावला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बिचारा म्हणत राहिला, "सेठजी, वही माल है." म्हटलं, वही असता तर मला कळलं नसतं?

भागूबाई पदर नाकाला लावून उभी. "मालक, झाका तो डबा! डोळ्यातून पाणी यायलं माझ्या."

"त्या डब्यात काही नाही, भागूबाई. माती आहे."

"माती? लई झालं की! वेशीपस्तोर वास जायला आणि तुम्ही माती म्हणायले. नाकाला काय झालंय तुमच्या?"

गिऱ्हाइकाला आपण फसलोय हे कबूल करायची लाज वाटते. मी समजून घेतलं आणि तिला दुसरा माल देतो म्हणून पुढच्या आठवड्याचा वायदा केला. ती बडबडत गेली.

तेवढ्यात टोपली खाली आली. बाटली उघडली, हुंगली. काही नाही. पुन्हा हुंगली. कोरा कापूस. आज जब्बारभाईला थट्टेची लहर आली म्हणायची!

वर बघून ओरडलो, "कोरा आहे! मला काय नवखा समजलास?"

तो हसला नाही. टोपीही सरकवली नाही. "फिरसे सूंग," म्हणाला.

"सूंगलं. कोरा कापूस!"

तो कठड्यावरून वाकला. मग म्हणाला, "बद्री, दुकान बंद कर. घर जा. आराम कर."

"शनिवारची बैठक तुझा बाप घेणार?"

"मेरा बाप होता तो वो भी येच बोलता. घर जा. बाटली वहींच रहन दे, ऊपर नक्को भेज."

बाटली परत नको म्हणाला! तीस वर्षांत एक बाटली फुकट सोडली नाही असा हा माणूस. धंदा बसला की माणसाचं डोकं असं होतं. वाईट वाटलं.

घरी आलो तर आशाबाईंनी वरणाला फोडणीच दिलेली नव्हती. तसंच ओरपलं. सगळ्यांचेच दिवस वाईट आहेत.

२४ जुलै

घरात काहीतरी शिजतंय, आणि त्याला वास नाही.

काल रात्री आशाबाईंनी आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवलं. "तुम्ही घोरता." सव्वीस वर्षांनी लागलेला शोध. सकाळी चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवला आणि लांबून हाक मारली. स्वतः मास्क लावून. घरात! विचारलं तर म्हणाल्या, "टीव्हीवर सांगितलंय." बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजायचं यंत्रही शेजाऱ्यांकडून मागून आणलं, दर तासाला मोजून घेतात. शहाण्णव, सत्त्याण्णव. शाळेत कधी एवढे मार्क पडले नव्हते, म्हणून मी हौसेनं मोजून घेतोय.

काल संध्याकाळी त्यांना सगीराभाभींचा फोन होता. बराच वेळ कुजबूज चालली होती. "काय म्हणत होत्या?" "लोणच्याचं विचारत होत्या, कैरीच्या." जुलैत कैरीचं लोणचं! या रोगानं बायकांचं पंचांगसुद्धा बिघडवलं.

दुकानात जायला निघालो तर स्कूटर सुरू होईना. प्लगच गायब. चोरांनाही पोट आहे. पण सबंध स्कूटर सोडून प्लग नेणारा चोर म्हणजे मंदीची कमाल झाली. आशाबाईंनी चोरीची गोष्ट फार शांतपणे घेतली.

आणि सगळ्यात कहर: नानासाहेबांचा फोन. "अरे, तो जब्बार म्हणतो बैठक पुढं ढकला. कारण विचारलं तर सांगत नाही. घोड्याला घास भरवायला जावं आणि घोड्यानंच लाथ घालावी!" मी म्हटलं, नानासाहेब, तुम्ही लक्ष देऊ नका. ज्याच्यासाठी ही सगळी उठाठेव, त्यालाच दुकान उघडायचं नाही. कव्हरवाल्यानं त्याला काहीतरी जास्त कबूल केलं असणार. विकतोय तर सरळ विकावं. मला तोंडावर सांगायला काय झालं होतं?

जब्बारभाईला फोन लावला नाही. लावणारही नाही.

थोडी कणकण आहे. उद्या भाषणाच्या आधी काळी मिरी चघळावी.

२५ जुलै, शनिवार

सगळं क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

दहाला इस्त्रीचा सदरा घालून, अर्जाची फाइल काखेत मारून तयार झालो. दार ओढलं. उघडेना. बाहेरून कडी. खिडकीतून हाका मारल्या. आशाबाई अंगणात तुळशीपाशी खुर्ची टाकून बसलेल्या, मास्कसकट, जसा काही पहारा.

"आशाबाई, कडी काढा."

"नाही."

"अहो, गल्लीचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच नाही. जब्बारभाईंना फोन लावा. ते सांगतील."

लावला. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"मैंच बोला भाभी कू," तो म्हणाला. "प्लग भी मैंच बोला निकालने कू."

"का पण?"

"वो कोरा कापूस नै था बद्री. हिना था. दो बार डुबाया हुआ हिना. गली के कुत्ते कू भी मालूम पड़ता. तेरेकू नै पड़ा."

मी त्याला दाखल्याची आठवण करून दिली. लॅमिनेट केलेला आहे, म्हटलं.

"वो कागज उस दिन का है, मियाँ. आज का नाक दिखा."

"मग हे गुरुवारीच का नाही सांगितलंस? ओरडून सांगायचं सगळ्या गल्लीला!"

तो फोन घेऊन आत गेला. मग म्हणाला, "गल्ली में बोलता तो पत्रे ठोक देते सब कू. ईद गई, राखी गई. नै बोलता तो तू जाके नानासाहब के बाजू में बैठता. दोनों तरफ से मेराच नुकसान. मैं इतनाच सोचा की तू घर में रह. बाकी तेरा कलम है, तू जान."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेलो. घरात खडा हिंगाची एक डबी असते, आई असल्यापासूनची, घट्ट झाकणाची. ती उघडून नाक आत घातलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाकाला काही नाही. मग कापूर. मग लसूण चेचून. डोळ्यांना सगळं कळत होतं. नाक दगड.

म्हणजे हाथरसचा तो व्यापारी खरा होता. भागूबाई खरी होती. फोडणीही होती. तेवढ्यात मला तंबाखूची चिमूट आठवली.

अकरा वाजून गेले. नानासाहेबांचा फोन. "कुठं मेलास? साहेब येऊन बसलेत! अर्ज तुझ्याकडं, आम्ही काय साहेबांना पाढे म्हणून दाखवू?"

"माझी कंबर धरलीय," मी म्हणालो. का म्हणालो ते इथं लिहायला हरकत नाही. कंबर म्हटलं की सगळं मिटत होतं. सोमवारी गल्ली उघडली असती. मी गुपचूप घरात पडून राहिलो असतो. माहीत असणारी माणसं तीन-चार, आणि ती सगळी माझीच. "फोन टेबलावर ठेवा, मोठ्या आवाजात लावा. इथूनच वाचतो."

वाचला. आवाज बसलेला असूनही छान वाचला. एकेरी वाट, गोल, एका वेळी एक गिऱ्हाईक. सहा कलमांपर्यंत साहेब नुसते "हं, हं" करत होते, म्हणजे पटत होतं. सातव्यावर आलो. वाचलं. शेवटच्या शब्दापाशी थांबलो. कागदावर पुढं फक्त 'आपला विश्वासू' होतं.

माझं अक्षर चांगलं आहे. ते वाक्य तर फारच सुबक आलं होतं. असं वाक्य लिहून स्वतः कंबर धरून बसणारा माणूस मला दुसरा कुणी सापडला असता, तर त्याच्यावर मी आठवडाभर हसलो असतो.

"साहेब," मी म्हणालो, "सातवं कलम आत्तापासून लागू समजावं. पहिलं दुकान माझं. परवापासून वास येत नाही, कणकण आहे. बुधवारी नानासाहेबांकडं बसलो होतो. त्याच्या आदल्या दिवसापासून रामकिसनच्या तळहातावरची तंबाखू खाल्लीय. त्या दोघांना आधी तपासा."

पलीकडं खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी तीन किलोमीटरवर कुलपात, आणि माडीवरची माणसं टेबलावरच्या फोनपासून मागं सरकत होती!

पहिला आवाज नानासाहेबांचा. तो लिहीत नाही. ही वही कधीतरी घरच्यांच्या हाती लागेल.

साहेब शेवटी म्हणाले, "गल्लीतल्या सगळ्यांची तपासणी होईल. तोवर किराण्यासकट सगळं बंद. अहवाल आल्यावर बघू."

"ईदेच्या आत?"

"बघू म्हटलं ना."

आशाबाईंनी दुपारी कडी काढली आणि गाडी बोलावली. तपासणीला जाताना लांबूनच म्हणाल्या, "कंबरेचं तेवढं खोटं बोलायला नको होतं."

पॉझिटिव्ह.

२८ जुलै

वरच्या खोलीत मुक्काम. ताप उतरलाय. प्राणवायू पंच्याण्णवच्या खाली गेला नाही. आशाबाई निगेटिव्ह, त्यांनी स्वतःची किंमत वाढवून घेतलीय ती आता कमी व्हायची नाही.

गल्लीचे अहवाल आले. नानासाहेब निगेटिव्ह. त्यांनी हे सांगायला स्वतः फोन केला आणि अर्धा तास शिव्या घातल्या, त्यावरून फुप्फुसं उत्तम असावीत. जब्बारभाई, सगीराभाभी निगेटिव्ह. बाकी सगळे निगेटिव्ह. रामकिसन पॉझिटिव्ह.

त्याला काही त्रास नाही. पण खोली एक आणि माणसं पाच, म्हणून त्याला कोविड सेंटरला नेलं. मी फोन केला. माफीचं काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "शेठ, तंबाखू महागात पडली बघा. इथं तर ती पण नाय."

"रामकिसन, राख्यांचं—"

"राख्यांचं काय, तुमचं ते सातवं कलम हाय की. समोर नानासाहेब हायेत माझ्या. आता बघू कापडवाला राख्या कसा विकतो." आणि हसायला लागला. मला त्याच्याबरोबर हसता आलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

३० जुलै

उघडली! गल्ली उघडली!

साहेबांनी आज सकाळी परवानगी दिली. एकेरी वाट, चुन्याचे गोल, सगळं माझ्या अर्जाप्रमाणं. माझं आणि रामकिसनचं दुकान बंद. शिवाय प्रत्येक दुकानात सातवं कलम मोठ्या अक्षरात लावायचं, असा हुकूम. साहेब म्हणे माडीवरून उतरताना म्हणाले होते, "अर्ज पुष्कळ वाचतो मी. अर्जदार पहिल्यांदाच ऐकला." हे नानासाहेबांनी सांगितलं. नानासाहेब कौतुक कधी बनवून सांगत नाहीत, तेवढी कल्पनाशक्ती त्यांच्याकडं नाही.

तेही राख्या विकतायत. कापडाच्या ठाणांसमोर बसून गिऱ्हाइकाला विचारतात, "मीटरनं देऊ?"

३१ जुलै

गोंधळ. मोठा गोंधळ, आणि मी इथं खाटेवर.

दुपारी जब्बारभाईचा फोन. मागं गर्दीचा आवाज. ईदेची गिऱ्हाइकी! ऐकून बरं वाटलं. म्हणाला, "बद्री, पाचोडवाली बाई आयी है. बोलती, मालक ने वायदा किया था. कित्ता देऊँ?"

"कशातलं?"

"हींग."

"जब्बारभाई, डबा कुठं उघडलास?"

"मेरे काउंटर पे. भाभी ने चाबी भेजी. कलम है ना तेरा, सामनेवाला गिऱ्हाईक सँभालेगा. सामने मैं हूँ."

"अरे तो खडा हिंग आहे! अत्तराच्या दुकानात? झाक! झाक आधी!"

"झाक दिया. दो घंटे से उघड़ा था, अब झाक दिया."

मागून भागूबाईचा आवाज आला, "मालक, व्हय तोच माल हाय, मागचाच! माती म्हणायले होते!"

दोन तास. खडा हिंग, उघडा, ईदेच्या आदल्या दिवशी, कनोजच्या गुलाबाशेजारी. मी तीस वर्षं त्याच्या धंद्याची थट्टा केली, पण बुडवायचा कधीच विचार नव्हता. त्याला माझा अर्ज नडला. आधी मी त्याची ईद आजारानं अडवली आणि आता कलमानं.

आशाबाई जिन्याच्या खालून म्हणाल्या, "झोपा आता. हिंगानं कुणी मरत नाही."

१ ऑगस्ट, बकरी ईद

सकाळी फाटकावर सगीराभाभी पिशवी ठेवून गेल्या. त्यात डबा आणि डब्यावर काचेची छोटी बाटली. बाटलीत फाया.

आशाबाईंनी ती जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवली. मी उतरून घेतली. उघडली, हुंगली. पुष्कळ वेळ हुंगली. फोन वाजला.

"ईद मुबारक, जब्बारभाई. धंद्याचं आधी सांग."

"मिला क्या फाया? पैले नाव बोल."

नाव सांगता आलं असतं. ईदेला तो मजमुआ देतो, कधी खस देतो. अंदाजानं दोनातलं एक लागलंच असतं. त्या हिनाच्या गुरुवारी मला न विचारता त्यानं माझं नाक ओळखलं होतं. तेव्हा म्हटलं, "कळत नाही."

"क्या बोला?"

"कळत नाही म्हटलं. अजून काहीच येत नाही. तू सांग काय आहे."

तिकडून नुसती खरखर. मला वाटलं फोन तुटला. मग कळलं, तो हसतोय.

"मेरेकू भी नै मालूम!" तो म्हणाला. "सुबे से चार बाटली खोल के देखा. गुलाब में हींग, खस में हींग, केवड़े में हींग. जो हात में आयी उसमें डुबा के भेज दिया."

"मग काल विकलंस काय?"

"सब विका. रमजान का माल भी गया."

"हिंगाच्या वासासकट?"

"सब मास्क में थे मियाँ! किसकू वास आता? बोले, जब्बारभाई, हिना देव. मैं बोला, ये लेव हिना. नाम सुन के लेके गये. चाळीस बरस से मेरे हात का ले रहे, नाक की क्या जरूरत?"

"आणि तो कव्हरवाला?"

"वो शाम कू आया था चाबी माँगने. फोन पे बात करने कू मास्क नीचे किया." इथं जब्बारभाईला ठसका लागला, हसण्याचा. "बोला, चाचा, इस दुकान में कुछ मर गया है. दीवार में है. मैं बोला, हौ, पुराना है, निकलता नै. गया वो. अब नै आता."

मीही हसलो. खोकला आला तरी हसलो. प्राणवायू मोजला, सत्त्याण्णव. खालून आशाबाईंनी विचारलं, "काय झालं?" सांगितलं, तर त्याही जिन्यावर बसून पदरात तोंड घालून हसल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या धंद्याला पहिल्यांदाच नाव ठेवलं नाही.

रामकिसनला फोन करून सांगितलं. नानासाहेबांनी त्याच्या राख्यांचा निम्मा माल कालपर्यंत संपवला होता, हेही सांगितलं. म्हणाला, "मग उद्याच्याला अजून चालंल. राखीच्या आदल्या दिवशीच खरी गर्दी."

जब्बारभाईचा फोन ठेवायच्या आधी मी त्याला म्हटलं होतं, "आजचा फाया मला ओळखता आला नाही, आणि तुलाही. तेव्हा बरोबरी धरावी."

"नक्को," तो म्हणाला. "मेरा नाक हींग से गया, तेरा बीमारी से. तू हारा सो हारा. चाय तेरी."

हॉटेल उघडलं की देणं आलं.